बुडवून ठेवलेली नाव

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्तानं तापीकाठच्या एका गावी गेलो होतो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. अमळनेर आणि चोपडा या दोन तालुक्यांच्या मधून तापी वाहते, तिथलं अलीकडच्या काठावरचं गाव, एवढं पुरे. याच पंचक्रोशीत १९९१ ते १९९४ अशी तीन वर्षं मी एका बँकेच्या शाखेचा व्यवस्थापक होतो. दुपारची पंगत उठल्यावर, उन्हं कलेपर्यंत काय करायचं म्हणून गावात चक्कर मारायला निघालो आणि एका गोठ्यापाशी पाय थबकले. पत्र्याखाली, चार दगडांवर एक लाकडी नाव पालथी घातलेली होती. तिच्या पाठीवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, खालच्या सावलीत कोंबड्या. मी वाकून आत पाहिलं. फळ्याफळ्यांमधून ऊन येत होतं. दोन फळ्यांच्या मधे माझी करंगळी सहज गेली.

या नावेला मी ओळखत होतो. तिच्याबद्दल एक सरकारी पद्धतीचं वाक्य मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, आणि त्यावर तारीख घालून सहीही केली होती.

पूल होण्याआधी आषाढापासून साधारण माघापर्यंत ही नाव पलीकडे जायची. मास्तर, शाळेची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, केळीचे घड, कधी एखादं वासरू. पावसाळ्यात ओढ जबरदस्त असे. वल्ह्यांनी निभत नसे. म्हणून नावाड्यानं तिला इंजिन बसवलं होतं. परदेशी मोटारबोटीचं चित्र मात्र डोळ्यांसमोर आणू नका. ते विहिरीवरचं डिझेल इंजिन होतं. आमच्या खानदेशात वीज येण्यापूर्वी मळ्यामळ्यातून ज्याचा ठकठक आवाज ऐकू यायचा, तेच. पंप काढून त्या जागी लोखंडी दांडा जोडलेला, दांड्याच्या टोकाला पंखा. दांडा नावेच्या तळातून बाहेर पडतो तिथून पाणी आत येऊ नये म्हणून जे ग्लँड लागतं, त्यात सुताची चरबी लावलेली दोरी भरायची. पंप दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही कारागिराला ते काम डोळे मिटून येतं. त्यामुळे अमळनेरचा पंपवालाच या नावेचाही इंजिनिअर होता. उन्हाळ्यात इंजिन उतरवून ते पुन्हा मळ्यात जायचं आणि केळीला पाणी द्यायचं. एक इंजिन, दोन संसार.

तर १९९२ च्या मे महिन्यात तो नावाडी माझ्याकडे कर्ज मागायला आला. सोबत एक सुतार, त्याला सगळे मिस्तरी म्हणत. मिस्तरीनं शाळेच्या वहीच्या पानावर अंदाजपत्रक आणलं होतं. सागाच्या सात फळ्या, बाभळीची तीन वाकडी लाकडं, खिळे, चार किलो कापूस, राळ, जवसाचं तेल, दांड्याचं बुश आणि पंधरा दिवसांची मजुरी. बेरीज नऊ हजार दोनशे. ते पान मी बराच वेळ वाचत बसलो होतो, हे आठवतं. लेखक म्हणून वाचत होतो, व्यवस्थापक म्हणून नव्हे, हे मात्र नंतर लक्षात आलं.

नियमाप्रमाणे तारण बघायला गेलो. नदीवर पोचलो तर नाव कुठे दिसेना. विचारलं तर नावाड्यानं डोहाकडे बोट दाखवलं. डोहाच्या पाण्यात हातभर खोल, दगड भरून ठेवलेला नावेचा आकार दिसत होता. वरून माशांची पिल्लं फिरत होती. मी म्हटलं, "अहो, ही तर बुडालीय!"

म्हातारा हसला. म्हणाला, "साहेब, नाव बुडनी नही. ठेवेल शे. काठवर ठेवी तं ऊनमा मरी जाई."

मला वाटलं, गंमत करतोय. शाखेत परत येऊन पाहणी अहवालात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी सदर नौका नदीपात्रात बुडालेल्या अवस्थेत आढळली.' पुढे काय होणार? बुडालेल्या तारणावर कोणती बँक कर्ज देते? शिवाय खरी अडचण वेगळीच होती. माझ्याकडच्या परिपत्रकांत नवीन होडीला कर्ज होतं, त्यावर अनुदान होतं. जुन्या होडीच्या दुरुस्तीला रकानाच नव्हता. अर्ज परत गेला.

पुढच्या मार्चात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचं उद्दिष्ट अपुरं पडत होतं. मार्चअखेर म्हणजे बँकवाल्यांचा शिमगाच. मीच माणूस पाठवून नावाड्याला बोलावून घेतलं आणि लोखंडी पत्र्याच्या नव्या होडीचं कर्ज मंजूर केलं. रक्कम दुरुस्तीच्या जवळजवळ तिप्पट. अनुदान वजा जाऊन सगळ्यांना बरं वाटलं. फोटोही काढला. त्या दिवसापासून लाकडी नाव काठावर आली, आणि काठावरून गोठ्यात.

लोखंडी होडी नऊ वर्षं टिकली. तळ गंजून चाळणी झाली. भंगारवाल्यानं किलोवर नेली. कर्ज मात्र म्हाताऱ्यानं पै न पै फेडलं, त्यासाठी एक दुभती म्हैस विकावी लागली. हे मला आता, त्या गोठ्यापाशी उभं असताना, त्याच्या मुलाकडून कळलं. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा तक्रार म्हणून सांगत नव्हता. मला चहा देता देता सहज सांगत होता, त्यामुळे चहा घशाखाली उतरेना.

नाव बुडवून ठेवणं म्हणजे काय, हे समजायला मला तीस वर्षं लागली. लाकूड पाण्यात असलं की फुगतं. फळ्या एकमेकींना दाबून बसतात, सांधे आपोआप मिटतात. तीच नाव काठावर ठेवली की लाकूड आकसतं, फळ्यांत फटी पडतात, खिळे ढिले होतात. आणि आमच्याकडचं ऊन! वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळत असतो, तिथे लाकडाची काय कथा. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे. बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. अर्धवट ओलं, अर्धवट सुकं असलेलं लाकूड लवकर जातं. पूर्ण बुडालेलं टिकतं. समुद्रात ही युक्ती चालत नाही, तिथे लाकूड पोखरणारे किडे असतात. नदीच्या गोड्या पाण्यात ते नसतात. म्हणजे आमच्या नावाड्यानं जे केलं होतं ते वेडेपणाचं नव्हतं, ते उत्तम शास्त्र होतं. फक्त ते परिपत्रकात आलेलं नव्हतं.

स्वीडनमधल्या 'वासा' जहाजाची गोष्ट काही वाचकांना ठाऊक असेल. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरातून पहिल्याच सफरीला निघालेलं ते राजाचं मिरवणारं लढाऊ जहाज, अर्ध्या कोसावर आडवं झालं आणि बुडालं. १९६१ मध्ये ते वर काढलं तेव्हा जवळजवळ अख्खं होतं. कारण तिथलं पाणी मचूळ, त्यात ते पोखरणारे किडे तगत नाहीत. खरी धडपड पुढे सुरू झाली. वर काढलेलं लाकूड वाळताना तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर एका रसायनाचे फवारे मारत राहावे लागले. ३३३ वर्षं पाण्यानं सांभाळलं, आणि हवेपासून वाचवायला सतरा वर्षं राबावं लागलं. तापीकाठचा म्हातारा स्टॉकहोमला गेला असता तर तिथल्या पंडितांशी त्याचं छान जमलं असतं.

परदेशात जुन्या लाकडी मोटारबोटी पुन्हा उभ्या करण्याचा मोठा छंद आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या महोगनीच्या बोटी बनत. इटलीत सार्निको गावच्या रिवा बोटींचा थाट तर दागिन्यासारखा. फायबरचा जमाना आला आणि लाकडाचे कारखाने थंडावले. तेव्हापासून हौशी लोक शेतातल्या कोठारांतून, झाडांखालून या बोटी शोधून काढतात, वर्षानुवर्षं घासतात, वार्निशाचे हातावर हात देतात. त्यातला बराचसा श्रीमंतांचा नाद आहे, हे कबूल. वीस हात वार्निश देऊन आरशासारखी चमकवलेली आणि फक्त प्रदर्शनापुरती पाण्यात उतरणारी बोट मला फारशी भावत नाही. पण इंग्लंडमधल्या डंकर्कच्या छोट्या बोटींची बात निराळी. १९४० च्या मे-जूनमध्ये हिटलरच्या सैन्यानं किनाऱ्यावर कोंडलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांना आणण्यासाठी आरमाराच्या जोडीला शेकडो लहान बोटी गेल्या. त्यांत मासेमारीच्या होत्या, सहलीच्या होत्या, थेम्स नदीवरच्या हौशी मोटारलाँच होत्या. त्यातल्या वाचलेल्या बोटींच्या मालकांनी १९६६ मध्ये संघटना केली, आणि आजही त्या बोटी दर काही वर्षांनी खाडी ओलांडून डंकर्कला जातात. २०२५ मध्येही गेल्या. काचेच्या पेटीत बसून नव्हे, स्वतःच्या इंजिनावर. तेवढ्यासाठी दर हिवाळ्यात कुणीतरी कारागीर फळ्या बदलतो, इंजिन उघडतो. समारंभ एका दिवसाचा. कारागिराला काम मात्र वर्षभर.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशचा आणि बोटींचा संबंध काय? आम्ही कापूस, केळी आणि भरीत-पुरीवाले. खरं आहे. पण नकाशा काढून बघा. तापी आमच्या जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांतून जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. त्या सुरतेहून १७३६ मध्ये लवजी नुसेरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार मुंबईला आला आणि त्याच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजं बांधली. सागवानाची जहाजं. त्यातलंच 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलं, मलबारी सागाचं. ते आज इंग्लंडच्या हार्टलपूल गावी पाण्यावर तरंगतं आहे. १९८७ मध्ये ते मोडकळीला आलेल्या अवस्थेत तिथे आलं, आणि २००१ पर्यंत त्याची डागडुजी चालली. हार्टलपूलचे जहाजांचे कारखाने तोवर बंद पडले होते, पण हात शिल्लक होते. मुंबईच्या सुतारांचं काम तिकडच्या सुतारांनी निस्तरलं, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याची एक ओळ नाही.

मलबारचा साग पुरेनासा झाला तशी गोदीची नजर इकडे वळली. १८४२ मध्ये इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगलांचे पट्टे लिहून घेतले, ते सागासाठी. डांगचा कारभार पुढे कित्येक वर्षं खानदेशच्या अधिकाऱ्यांकडे होता. म्हणजे आमच्या पिंपळनेर-नवापूरच्या शेजारच्या डोंगरांतलं लाकूड समुद्रावर गेलं. त्याचा मोबदला त्या राजांना किती मिळाला आणि जंगलाचं काय झालं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो सुखाचा नाही.

लाकडी नावेच्या फटी बुजवायला लागतो कापूस. पिंजून, वळून, तेल-राळेत भिजवून तो पटाशीसारख्या बोथट लोखंडानं ठोकत ठोकत भरायचा. कापूस पाण्यानं फुगतो, लाकूडही फुगतं, आणि सांधा असा बसतो की पाणी म्हणून आत येत नाही. कापूस कुणाचा? आमचाच. बरगड्यांना लागते बाभूळ, तीही मुळातच वाकलेली. सरळ लाकूड कापून वाकडं केलं तर त्याचे धागे तुटतात. जन्मतः वाकलेल्या खोडात धागा सलग असतो. बैलगाडीची चाकं करणारा सुतार हे जाणतो. तेल लागतं जवसाचं, कारण जवसाचं तेल हवेत सुकून कातडीसारखं बसतं. भुईमुगाचं नुसतं चिकट राहतं. या सगळ्या वस्तू आमच्या शिवारात होत्या. कारागीरही होता. फक्त नऊ हजार दोनशे रुपये नव्हते.

मला हेच म्हणायचं आहे. जुन्या वस्तू मरतात त्या जुन्या झाल्यामुळे नव्हे. आपल्या सगळ्या हिशेबात नव्याला पैसा आहे आणि दुरुस्तीला नाही, म्हणून मरतात. मी चौतीस वर्षं हिशेब लिहिले. वस्तू विकत घेतली त्या दिवसापासून तिच्यावर घसारा सुरू होतो. दर मार्चला ती थोडी कमी होते, आणि शेवटी पुस्तकात एक रुपयावर येऊन बसते. एक रुपयाच्या वस्तूवर नऊ हजार खर्च करा म्हटलं तर हिशेबतपासनीस चष्मा काढून तुमच्याकडे बघतो. पण पुस्तकातला घसारा हा लाकडातला घसारा नव्हे. ती नाव १९९२ मध्ये सात फळ्या बदलल्या असत्या तर आणखी वीस वर्षं चालली असती. आणि मिस्तरीच्या हातावर तर घसारा नसतोच. उलट वर्षागणिक त्याची किंमत वाढते, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

हे फक्त बँकेचं नाही. ग्रामपंचायतीला नवा सभामंडप मिळतो, जुन्या सागवानी चावडीचं छप्पर शाकारायला मिळत नाही. शाळेला नवे बाक येतात, मोडक्या बाकांचा ढीग मागच्या खोलीत. घरातही तेच. हा लेख लिहिता लिहिता मी सौ.ला वाचून दाखवला. ती म्हणाली, "नावेचं सोडा. माझ्या आईच्या सागवानी पाटाचा एक पाय निखळला होता, तो पाच वर्षं सांगत होते. तुम्ही प्लॅस्टिकचं स्टूल आणलंत." मी गप्प बसलो. हा परिच्छेद तिच्या सांगण्यावरून घातला आहे.

थोरला मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की बाबा, तुम्ही भावनेच्या भरात बोलता. पूल झाला, आता नाव कुणाला हवीय? फायबरची होडी हलकी, स्वस्त, तिला दरवर्षी कापूस भरावा लागत नाही. त्याचं चूक नाही. पूल झाला हे उत्तमच झालं. त्या नावेतून रात्रीच्या पुरात अडलेली बाळंतीण नेताना काय जीव मुठीत धरावा लागे, ते मी ऐकलेलं आहे. त्या दिवसांसाठी मला उमाळा नाही. सगळ्या जुन्या नावा वाचवा असंही मी म्हणत नाही.

पण नंदुरबारकडे बघा. १९७२ मध्ये उकाई धरण झालं आणि त्याचं पाणी नवापूरच्या बाजूला पसरलं. नर्मदेवर सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरांतले कितीतरी पाडे पाण्यानं वेढले गेले. रस्ता नाही, आहे ती होडी. दवाखानाही तिथे तरंगता करावा लागला. हतनूरच्या जलाशयात मासेमारी चालते. म्हणजे नदी पार करण्यापुरत्या नावा संपल्या आणि धरणांनी नवी पाणी तयार केली, जिथे होड्या लागणारच आहेत. त्या होड्यांचा तळ फुटला की दुरुस्त कोण करणार? फायबरही फुटतं, लोखंडही गंजतं. ज्या माणसाला होडीचा तोल, तिचा भार, तळातला सांधा कळतो तो माणूस लागणारच. तो आज शेवटच्या पिढीत आहे.

एक गोष्ट मनापासून आनंदाची घडली, ती सांगितली पाहिजे. अजिंठ्याच्या लेण्यांत एका जहाजाचं चित्र आहे. अजिंठा म्हणजे आमच्या जळगावहून तासा-दीड तासाच्या वाटेवर, आमच्या घरचंच. त्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून एक जहाज बांधायचं ठरलं. २०२३ मध्ये गोव्यात काम सुरू झालं. लाकडी फळ्या खिळ्यांनी न जोडता काथ्याच्या दोरीनं शिवल्या. शिवणारे कारागीर केरळचे. २०२५ मध्ये ते 'कौंडिण्य' नावानं नौदलात दाखल झालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून मस्कतला निघालं. इंजिन नाही, शिडांवर. बातमी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. दोरीनं फळी शिवण्याची विद्या मरायला टेकली होती, तिला शेवटच्या क्षणी काम मिळालं. याचं श्रेय ज्यांचं त्यांना द्यायलाच हवं.

पण माझ्यातला बँकवाला लगेच पेन काढतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रातलं जहाज नव्यानं बांधायला आपण पैसा काढू शकतो; पन्नास वर्षांपूर्वीची, खरीखुरी, गोठ्यात पालथी पडलेली नाव दुरुस्त करायला नाही. ती तितकी जुनी नाही हा तिचा दोष. पुराणवस्तू व्हायला अजून काही शतकं थांबायला हवं होतं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जिवापाड जपलेले आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी कागदांइतकाच शब्दांचाही ध्यास घेतला होता. मराठी धातूंचा कोश त्यांनी रचला. त्यांच्यासारख्या कुणीतरी या मिस्तरीपुढे वही घेऊन बसावं असं फार वाटतं. कागदाला कपाट मिळालं. हाताला कोण कपाट देणार? आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे. त्यात नदीजोगत्या जिल्ह्यांपुरतं होडीचं एक प्रकरण घालायला किती खर्च येईल? आणि माझ्या जुन्या धंद्यातल्या मंडळींना सांगणं एवढंच की कर्जयोजनांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा. 'दुरुस्ती'. तारण म्हणून कारागिराचं नाव लिहा. वसुलीची काळजी करू नका. म्हैस विकून हप्ते भरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मोठमोठ्या इमारतींतून न भरणारीही पाहिली आहेत.

त्या दिवशी गोठ्यापाशी चहा पिताना मी मुलाला विचारलं, मिस्तरी आहेत का अजून? "आहेत ना," म्हणाला, आणि पोराला पाठवलं. पंधरा-वीस मिनिटांनी काठी टेकत मिस्तरी आले. वय अठ्ठ्याहत्तर. डोळ्यांना कमी दिसतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. बऱ्याच वर्षांपर्यंत दर दिवाळीच्या आगेमागे ते स्वतःहून येऊन नावेला जवसाचं तेल लावून जात असत, हे मुलानं सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मजुरी दिली नव्हती.

त्यांनी कडब्याच्या पेंढ्या बाजूला करायला लावल्या. मग काठी माझ्या हातात देऊन ते नावेपाशी बसले आणि बोटांच्या पेरांनी एकेक फळी वाजवू लागले. आपण मडकं वाजवून घेतो तसं. एक वाजवायची, कान द्यायचा, पुढे सरकायचं.

"हाई जित्ती शे," ते म्हणाले. "हाईबी जित्ती. हाई मरेल शे."

अर्ध्या तासात अख्खी नाव त्यांनी वाजवून पाहिली. अकरा फळ्या मेलेल्या, बाकीच्या जिवंत. बरगड्यांपैकी चार बदलायला हव्यात. बाभळीची वाकडी लाकडं आता मिळणं कठीण, पण बांधावर एक झाड त्यांनी हेरून ठेवलेलं आहे, कधीपासून कोण जाणे. कापूस घरचा. सगळं ठोकून भरून झालं की मग पहिलं काम काय करायचं ते त्यांनी मला अशा स्वरात सांगितलं, जणू काही मीच ते करणार होतो.

"पहिले बुडाडनी पडी. आठ दिन पानीमा बसू द्या तिले."

मग जरा थांबून, डोळे किलकिले करून म्हणाले, "तवय तुमीन लिखेल व्हतं ना साहेब, बुडेल शे म्हनीसन?"

तीस वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांच्या लक्षात होतं. अर्ज परत आला तेव्हा कुणीतरी त्यांना ते वाचून दाखवलं असणार. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन सौ.शी बोललो. एका मुदतठेवीची तारीख जवळ आली होती. ती म्हणाली, आधी पाटाचा पाय. पाटाचा पाय मिस्तरींच्याच नातवानं बसवून दिला, आता पाट देवघरापुढे आहे. ठेवीचे पैसे काढून मुलाच्या हाती दिले. पावती घेतली नाही, चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. फळ्या आल्या, बाभूळ तोडली गेली, नातू आजोबांच्या हाताखाली बसून कापूस वळायला शिकतो आहे. जुना डोह मात्र उरलेला नाही. वाळूच्या ट्रॅक्टरांनी पात्राचं रूपच पालटून टाकलं. तेव्हा नाव कुठे बुडवायची हा प्रश्न आहे. मिस्तरींनी मंदिराच्या घाटाखालची एक जागा बघून ठेवली आहे. पूर उतरला आणि पाणी निवळलं की आठ माणसं आणि दोन दोर घेऊन नाव तिथे न्यायची, दगड भरायचे आणि खाली सोडायची. निरोप पाठवतो म्हणाले आहेत. अजून आलेला नाही. हतनूरचे दरवाजे उघडेच आहेत.